स्फुरदाचा प्रकाश

शेतकऱ्याच्या घरी खताची गोणी आली, की तिच्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे हमखास वाचावयास मिळतात. पिकाची पाने नत्राने हिरवीगार होतात आणि स्फुरदामुळे मुळे जोम धरतात, हे अनुभवी शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. मात्र ज्या नत्राला व स्फुरदाला आपण मातीतील अन्न म्हणून ओळखतो, त्यांचे अणू एकमेकांचे हात धरून एका वाटोळ्या कड्यात उभे राहू शकतात, आणि योग्य सोबती मिळाल्यास ते कडे अंधाऱ्या खोलीत निळ्या, हिरव्या किंवा तांबड्या तेजाने झळकू लागते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. हे कडे माणसाच्या हाती कसे आले आणि त्याला तेज कसे लाभले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

या हकीकतीचा आरंभ जर्मनीतील हॅम्बर्ग शहरी होतो. तेथे हेनिग ब्रांट नावाचा एक किमयागार राहत असे. हलक्या धातूचे सोने करण्याच्या ध्यासाने त्याने १६६९ साली मानवी मूत्र आटवून त्याचा अवशेष प्रखर उष्णतेत तापविला. सोने मिळाले नाहीच. परंतु मेणासारखा एक पदार्थ मिळाला आणि तो अंधारात आपोआप मंद हिरवट प्रकाश देऊ लागला. 'प्रकाश वाहणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव मिळाले. मराठीत स्फुरद हे नाव रूढ झाले, तेही त्याच्या स्फुरणाला साजेसेच आहे.

नाव प्रकाशाचे असले, तरी या मूलद्रव्याने माणसाच्या आयुष्यात अंधारही पुष्कळ आणला. पांढरा स्फुरद सुमारे ३० अंश सेल्सिअस तपमानास हवेत आपण होऊन पेट घेतो. म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. या ज्वालाग्राहीपणाचा लाभ घेऊन एकोणिसाव्या शतकात काड्यापेट्यांचे कारखाने निघाले. त्यांतील कामगारांच्या, विशेषतः स्त्रियांच्या व मुलींच्या, श्वासावाटे स्फुरदाची वाफ शरीरात जाई आणि किडक्या दातांच्या वाटेने ती जबड्यात शिरे. हळूहळू जबड्याचे हाड कुजू लागे. चेहरा विद्रूप होई आणि पुष्कळदा त्यातच अंत होई. १८८८ साली लंडनमधील काड्यापेटीच्या कारखान्यातील कामगार मुलींनी संप केला, तेव्हा तेथील हालअपेष्टांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे १९०६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काही राष्ट्रांनी पांढऱ्या स्फुरदाच्या काड्यांवर बंदी घालणारा करार केला, आणि १९१३ साली हिंदुस्थानातही तशा बंदीचा कायदा झाला. आजची काड्यापेटी पांढऱ्या स्फुरदावाचून तयार होते. काडी तिच्याच पेटीवर घासावी लागते, कारण त्या बाजूस तांबडा स्फुरद लावलेला असतो. आणि तो पांढऱ्याच्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी आहे.

ब्रांटला दिसलेला तो हिरवट उजेड कोणत्या जातीचा होता, हा प्रश्न येथे विचारणे अवश्य आहे. उष्णतेवाचून निर्माण होणाऱ्या प्रकाशाचे तीन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. काही पदार्थांवर प्रकाश पडला असता ते स्वतःही निराळ्या रंगाचा प्रकाश टाकतात, आणि बाहेरचा प्रकाश थांबताच त्यांचे तेजही मावळते. या गुणास अनुदीप्ती म्हणतात. काही पदार्थ बाहेरचा प्रकाश थांबल्यावरही काही काळ तेवत राहतात. त्या गुणास प्रस्फुरण असे नाव आहे. तिसऱ्या प्रकारात बाहेरच्या प्रकाशाची गरजच नसते. एखादी रासायनिक क्रिया घडत असताना तिच्यातून उष्णतेऐवजी प्रकाश बाहेर पडतो. काजव्याचा प्रकाश या तिसऱ्या प्रकारचा होय. पांढऱ्या स्फुरदाचा प्रकाशही त्याच जातीचा आहे. त्याच्या पृष्ठभागाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन अत्यंत अल्पायुषी असे रेणू उत्पन्न होतात व तेच प्रकाश टाकतात, असे १९७४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राणवायू काढून घेतला, की तो उजेडही नाहीसा होतो. अर्थात ज्याच्या नावातच प्रकाश आहे, त्या स्फुरदाचे तेज अनुदीप्तीचे नव्हते. ते एक प्रकारचे मंद ज्वलन होते.

अनुदीप्तीचे खरे स्वरूप उलगडण्याचे श्रेय केंब्रिज येथील जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाकडे जाते. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या क्विनीनचा द्राव पृष्ठभागाशी सुंदर निळा दिसतो, ही गोष्ट जॉन हर्शल यांनी १८४५ साली नोंदविली होती. स्टोक्स यांनी लोलकाच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाचे सात रंग पसरून घेतले, आणि क्विनीनच्या द्रावाची नळी त्यांतून तांबड्याकडून जांभळ्याकडे हळूहळू सरकविली. तांबड्या, पिवळ्या व हिरव्या पट्ट्यांत काहीच घडले नाही. परंतु जांभळा रंग जेथे संपतो त्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस निव्वळ अंधार दिसत होता, तेथे नळी जाताच ती निळ्या प्रकाशाने उजळून निघाली. डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण द्रावाने शोषून घेतले होते आणि ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत केले होते. स्टोक्स यांनी आपला हा शोध १८५२ साली प्रसिद्ध केला. पूर्वी घरोघरी दिसणाऱ्या, पाऱ्याच्या वाफेच्या लांब नळीच्या दिव्यात हेच तत्त्व वापरलेले असते. आत पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतील पांढरा लेप त्यांचे उजेडात रूपांतर करतो.

शोषलेला प्रकाश आणि परत केलेला प्रकाश यांचे रंग निराळे का असावेत? एखाद्या खेळाडूने एका दमात उडी मारून उंच पायरी गाठावी, तेथून दोन पायऱ्या हळूच उतरून याव्यात आणि मग खाली उडी घ्यावी, अशी कल्पना केली तर हे कोडे सुटते. खाली घेतलेली उडी वर मारलेल्या उडीपेक्षा साहजिकच लहान असते. रेणूतील इलेक्ट्रॉनाचेही असेच होते. प्रकाशातील ऊर्जा मिळताच तो वरच्या पातळीवर जातो. तेथे त्या ऊर्जेचा काही अंश रेणूच्या कंपनात व उष्णतेत खर्ची पडतो, आणि उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर येते. ऊर्जा घटली म्हणजे प्रकाशाची लहर लांबते व रंग बदलतो. हा सर्व व्यवहार बहुधा सेकंदाच्या काही अब्जांश भागांत पुरा होतो. शोषणाच्या आणि उत्सर्जनाच्या लहरींतील या अंतरास स्टोक्स यांचेच नाव दिलेले आहे.

आता कड्याकडे वळावयास हवे. १८३४ साली युस्टुस फोन लीबिग व फ्रीड्रिख व्होलर हे जर्मनीतील दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञ स्फुरदाच्या पंचक्लोराइडावर अमोनियाची क्रिया करून पाहत होते. त्यांना हवा असलेला पदार्थ निराळाच होता. पण मुख्य पदार्थाबरोबर थोडेसे पांढरे स्फटिकही हाती आले. हे स्फटिक पाण्याने सहजासहजी बिघडत नसत. स्फुरद, नत्र आणि क्लोरीन ही तीनच मूलद्रव्ये त्यांत होती. त्यांच्या एका रेणूत स्फुरदाचे तीन, नत्राचे तीन आणि क्लोरीनचे सहा अणू असतात, हे त्यांच्या वाफेच्या घनतेवरून पुढे काही दशकांनी निश्चित झाले.

या पदार्थाचा कसून अभ्यास प्रथम केला तो अमेरिकेतील हेन्री स्टोक्स यांनी. केंब्रिजच्या स्टोक्स यांच्याहून ही व्यक्ती वेगळी, हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, १८९० नंतरच्या दशकात त्यांनी तीनपासून सातपर्यंत जोड्यांची संयुगे वेगळी केली, आणि या रेणूंत स्फुरद व नत्र यांचे अणू आळीपाळीने गुंफून वलय बनलेले असावे, असे अनुमान मांडले. हे स्फटिक बंद नळीत पुष्कळ तापविले, तेव्हा त्यांना रबरासारखा लवचीक पदार्थ मिळाला. परंतु तो कोणत्याही द्रवात विरघळेना, आणि दमट हवेत ठेवला की त्याचा हळूहळू नाश होई. जो पदार्थ विरघळत नाही आणि टिकतही नाही, त्याचा उपयोग काय करावयाचा? 'अकार्बनी रबर' हे नाव तेवढे त्याला चिकटले, आणि तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ प्रयोगशाळेतील एक कुतूहल म्हणूनच पडून राहिला.

हे वलय तयार करण्याची रीत १९२४ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी सुधारली, आणि थोड्याफार फरकाने तीच पुढे प्रचारात राहिली. तिच्यातील एक घटक मराठी माणसास चांगलाच परिचयाचा आहे. कल्हईवाला भांडे तापवून त्यात जी पांढरी पूड टाकतो आणि जिच्यातून पांढरा धूर उठतो, तो नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड. नवसागर आणि स्फुरदाचे पंचक्लोराइड ही दोन्ही एका क्लोरीनयुक्त द्रावकात घालून ते मिश्रण सुमारे १३० ते १४५ अंश सेल्सिअस तपमानास कित्येक तास उकळीत ठेवतात. स्फुरदाच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूचे चार रेणू बाहेर पडतात, आणि मागे राहिलेले स्फुरद, नत्र व क्लोरीन वलयाच्या रूपाने एकत्र येतात. हा वायू दाहक असतो. शिवाय पंचक्लोराइडाचा ओलाव्याशी संपर्क आला की त्यातूनही गुदमरविणारे धूर निघतात. म्हणून हे काम निष्णात माणसाने, वायू ओढून नेणाऱ्या बंदिस्त कपाटातच करावयाचे असते. इतरांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. अखेरीस तीन जोड्यांचे, चार जोड्यांचे व त्याहून मोठे अशी अनेक वलये एकत्र मिळतात. ती निर्वात जागी संप्लवन करून व पुनःपुन्हा स्फटिक पाडून निवडावी लागतात. तीन जोड्यांच्या वलयाचे शुभ्र स्फटिक सुमारे ११४ अंशांस वितळतात.

या वलयाची रचना रेखीव आहे. सहा अणू जवळजवळ एकाच पातळीत षट्कोन करून बसलेले असतात. एकाआड एक स्फुरद व नत्र. स्फुरदाच्या प्रत्येक अणूला क्लोरीनचे दोन अणू जोडलेले असतात, एक पातळीच्या वर आणि एक खाली. स्फुरद व नत्र यांच्यामधील सहाही बंध सारख्याच लांबीचे, म्हणजे सेंटीमीटरच्या दहा-कोटीव्या भागाच्या सुमारे १.५८ पट असतात. साध्या एकेरी बंधापेक्षा ही लांबी बरीच कमी आहे, यावरून अणूंची पकड किती घट्ट आहे ते समजते. तथापि बेंझीनच्या वलयात इलेक्ट्रॉन जसे मोकळेपणाने फिरतात तसे ते येथे फिरत नाहीत. त्यांचा ओढा नत्राकडेच अधिक असतो. त्यामुळे हे वलय दिसणारा प्रकाश मुळीच शोषीत नाही, आणि अतिनील किरणांपैकीही फार आखूड लहरींचे तेवढेच शोषते. जे शोषलेच नाही ते परत कसे करावयाचे? म्हणून हे वलय स्वतः रंगहीन व निस्तेज असते.

हे उणेपणच पुढे त्याचा गुण ठरला. वलयावरील क्लोरीनचे सहाही अणू सैल हाताने धरलेले असतात. अल्कोहोल, फिनॉल किंवा अमाइन या वर्गांतील रेणू योग्य क्षारधर्मी पदार्थाच्या उपस्थितीत आणला, की क्लोरीन निघून जातो व त्याच्या जागी तो रेणू बसतो. वलय मात्र अभंग राहते. १९६५ साली हॅरी ऑलकॉक आणि त्यांचे सहकारी यांनी या गुणाच्या जोरावर स्टोक्स यांच्या त्या टाकाऊ रबराचे भाग्य उजळले. स्वच्छ स्फटिक निर्वात नळीत सुमारे २५० अंशांस तापवावेत, आणि साखळ्या एकमेकींत गुंतण्यापूर्वीच तापविणे थांबवावे, एवढेच त्यांनी केले. तेव्हा वलये उघडून हजारो जोड्यांच्या लांब साखळ्या बनल्या, आणि त्या बेंझीनसारख्या द्रवात विरघळल्या. मग त्यांतील क्लोरीन काढून त्या जागी कार्बनी गट बसविले, तेव्हा पाण्याने न बिघडणारे आणि कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहणारे पदार्थ तयार झाले. योग्य क्षणी थांबणे, हीही विज्ञानातील एक मोठी कला आहे.

वलयास तेज देण्याचे काम याच मार्गाने साधले. जे रेणू स्वभावतःच अनुदीप्त असतात, ते क्लोरीनच्या जागी वलयावर बसवावयाचे, अशी ही युक्ती. समईचा खांब स्वतः जळत नाही. पण त्याच्याविना वाती एका उंचीवर, एकमेकींपासून योग्य अंतरावर राहू शकत नाहीत. या वलयाचे काम त्या खांबासारखेच आहे. अनुदीप्त रेणू मोकळे असले म्हणजे पुष्कळदा एकमेकांना बिलगतात, आणि त्यांची ऊर्जा आपसांतच विरून जाऊन तेज मंदावते. वलयावर ते तीन वर व तीन खाली असे विभागून बसतात. वलय स्वतः प्रकाश शोषीत नसल्यामुळे त्यांच्या तेजात अडथळाही आणीत नाही. अडचण असते ती निराळी. सहापैकी चार-पाच जागाच भरल्या, तर अर्धवट संयुगांची खिचडी होते आणि ती निवडणे जिकिरीचे ठरते. सहाही जागा भरल्या की नाही, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ चुंबकीय अनुस्पंदन पद्धतीने स्फुरदाच्या अणूंची साक्ष काढतात. तिन्ही अणूंची परिस्थिती सारखी झाली असेल, तर तीन निरनिराळे संकेत न येता एकच संकेत मिळतो.

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञांनी या क्षेत्रात महत्त्वाची भर घातली आहे. पानांतील हरितद्रव्य आणि रक्तातील रंगद्रव्य ज्या कुळातील आहेत, त्या कुळातील पॉर्फिरिन नावाचे मोठे रेणू त्यांनी या वलयावर बसविले. स्फुरद व नत्र यांच्या लहानशा कड्याभोवती पॉर्फिरिनचे अनेक रेणू गुंफलेल्या या संयुगांचे वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. पॉर्फिरिन तांबड्या रंगाने अनुदीप्त होतात. हिरवे पान अनेक रंगद्रव्यांच्या मेळाव्याने सूर्यप्रकाश गोळा करते. तो व्यवहार समजून घेण्यास असे बहुरेणू मेळावे उपयोगी पडतात.

त्यापुढील प्रश्न असा, की वलयावर दुसऱ्याचा दिवा न बसविता वलयालाच तेज देता येईल काय? अमेरिकेतील ओरेगन विश्वविद्यालयात मायकेल हेली व डॅरेन जॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० नंतरच्या दशकात या दिशेने काम केले. त्यांनी घडविलेल्या सहा अणूंच्या वलयात स्फुरदाचा एक व नत्राचा एक अणू शेजारी शेजारी असतो, आणि उरलेले चार अणू कार्बनाचे असतात. हे वलय बेंझीनच्या वलयास जोडलेले असल्यामुळे त्यातील इलेक्ट्रॉनांना हिंडण्यास वाव मिळतो. ते अतिनील किरण शोषते आणि निळ्या ते हिरव्या रंगाने झळकते. त्याच्या शोषणाच्या व उत्सर्जनाच्या लहरींत अंतरही चांगले मोठे असते. याशिवाय दोन रेणू हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांशी घट्ट जोडी जमवितात. वलयाच्या टोकाशी निरनिराळे गट जोडून त्याच्या तेजाचा रंग बदलता येतो, हेही या संशोधनातून दिसून आले.

अशा संयुगांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. पाण्यातील एखाद्या धातूचा अल्प अंश अनुदीप्त रेणूस चिकटला, तर त्याचे तेज वाढते किंवा विझते. त्यावरून त्या धातूचा शोध लावता येतो. विजेवर चालणारे पातळ प्रकाशपट, प्रकाश गोळा करणारी साधने, यांसाठीही या संयुगांवर प्रयोग चालू आहेत. चटकन पेट घेणाऱ्या स्फुरदापासून बनलेली काही वलये तर आग आवरण्याच्या कामी येतात. याहूनही मनास स्पर्श करणारी गोष्ट एक आहे. ऑलकॉक यांच्या साखळ्यांवर अमिनो आम्लांपासून केलेले गट बसविले, तर शरीरात त्या हळूहळू विरघळून फॉस्फेट, अमोनिया व अमिनो आम्ल असे शरीरास पेलणारे पदार्थ मागे राहतात. म्हणून मोडलेल्या हाडास भरून येईपर्यंत आधार देणारी जाळी त्यांच्यापासून करण्याचे प्रयोग झाले आहेत. ज्या स्फुरदाच्या वाफेने गरीब कामगार मुलींच्या जबड्याची हाडे कुजविली, त्याच स्फुरदापासून हाडे सांधणारा पदार्थ घडविण्याची खटपट माणूस करीत आहे.

मूलद्रव्य स्वतः दुष्टही नसते आणि सुष्टही नसते. ते कोणाच्या संगतीत व कोणत्या रचनेत आहे, आणि त्याच्याशी वागणारा माणूस किती ज्ञानी व किती दयाळू आहे, यावर त्याचे फळ अवलंबून असते. ब्रांटला सोने हवे होते, त्याला प्रकाश मिळाला. लीबिग व व्होलर यांना दुसरेच संयुग हवे होते, त्यांना थोडे पांढरे स्फटिक मिळाले. ते स्फटिक कोणी फेकून दिले नाहीत, त्यांची नोंद जपून ठेवली, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्यांत तेज भरता आले. अपेक्षेबाहेरचे जे हाती येते, ते क्षुद्र मानून टाकू नये. त्याची नीट पारख करावी, ही शिकवण या लहानशा कड्याने दिली आहे.